लाल दिवा लागला की हसायचं

— नाही, नाही, उभाच बरा आहे मी, मॅडम. बसलो की मला बोलता येत नाही. उभं राहूनही येत नाही म्हणा, पण हातात पेचकस असला की निदान कुठे बघायचं ते कळतं. टीव्हीचं बघतो, बघतोच, मागचं झाकण काढलंय, पाच मिनिटांचं काम आहे. त्याच्या आधी एक — हा कागद. रात्री लिहिलाय. तुमच्या हातात द्यायचा होता, पण नको, मीच वाचतो, कारण माझं शुद्धलेखन म्हणजे — आठवीत शाळा सोडली, त्यानंतर लिहायचं ते पावतीवर, 'आवाज येत नाही' नाहीतर 'चित्र येत नाही'. मालक म्हणतात, तुझ्या अक्षरातलं चित्र न आलेलंच बरं. तर ऱ्हस्व-दीर्घ माफ करा, आणि शब्द साधे आहेत, तेही माफ करा. वाचतो हं. 'आदरणीय मॅडम यांस' — बाईमाणसाला 'यांस' चालतं ना? — 'पत्र लिहिण्यास कारण की' — पुढचं खोडलंय. त्याच्यापुढचंही खोडलंय. इथे पाणी पडलंय, म्हणजे चहा. राहू दे कागद. तोंडीच सांगतो. माझी मावशी मला मुक्या म्हणते, बघा, आणि इथे उभा राहून चुरुचुरु बोलतोय. उचलली जीभ लावली टाळ्याला.

तुम्ही त्याच ना? टीव्ही मालिकेतली 'शेजारीण'? दार न वाजवता आत येणाऱ्या? — हां. म्हणजे बरोबर घरात आलो. नाही, सही नको, सहीसाठी नाही आलो. म्हणजे दिलीत तर — नको, विषय तो नाही. माझी आई तुम्हाला ओळखते. तुम्ही तिला नाही ओळखणार, कारण उजेड तुमच्या तोंडावर असायचा आणि ती समोर अंधारात. हसायच्या बायका आठवतात तुम्हाला? बारा जणी, दोन बाक, पुढे सहा, मागे सहा? मागच्या बाकावर अगदी कडेला, खांबाला लागून, जिच्या डोक्यावर माईक लटकायचा — ती. उचलणारी. — बघा, 'उचलणारी' म्हटल्यावर कशी मान वर केलीत!

तीच माझी आई. अकरा वर्षं. तुम्ही लोक कॅमेऱ्याकडे तोंड करून, तुम्हाला भिंतीवरचा तो लाल दिवा कुठे दिसणार — पण त्यांना तोच दिसायचा. दिवा लागला की हसायचं, विझला की चूप. पहिली हसणार उचलणारी, तिनं हसू उचलून धरलं की बाकीच्या अकरा जणी ते लांबवणार. दिवा नुसता लुकलुकला तर गालातल्या गालात, पूर्ण लागला तर पोट धरून. आईचं हसू म्हणजे — कसं सांगू — बिघडलेला नळ सोडल्यावर आधी नुसती हवा येते, फस् फस्, सगळे म्हणतात पाणीच नाही, आणि मग एकदम धो धो. त्या फस् फस्लाच बाकीच्या फुटायच्या. म्हणून तिची जागा माईकखाली. ताप आला तरी जायची. माझे आजोबा गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी गेली. दिवा लागला, हसली, दिवा विझला, डोळे पुसले, परत लागला. पण मी हे — हो, मुद्द्यावर येतो.

आठ महिन्यांपूर्वी तिला झटका आला. हातपाय वाचले, चालते, स्वतःचं स्वतः करते, पण बोलणं अगदी थोडं राहिलं, आणि तोंडाची डावी बाजू — इथून इथपर्यंत — पडदा सुटावा तशी लोंबते. व्यायाम करवायला एक बाई येतात. त्यांनी आरसा धरला आणि म्हणाल्या, आजी, हसा बघू. आईनं उजवीकडचं तोंड हलवलं, डावं ढिम्म. त्या म्हणाल्या, सांगून हसण्याचा रस्ता वेगळा आणि आपोआप हसण्याचा रस्ता वेगळा. मेंदूतून गालापर्यंत दोन रस्ते आहेत म्हणे. एक बंद पडलाय, दुसरा उघडा असेल. तुम्ही त्यांना हसवा, खरंखुरं हसवा, म्हणजे दोन्ही गाल उचलतील, आणि एकदा वाट पडली की पडली. पण लवकर हसवा, नाहीतर तिथेही गवत उगवेल. — एवढंच काम! जिनं अकरा वर्षं हसण्याची नोकरी केली तिला हसवायचं, आणि हसवणार कोण, तर मी. मला चार माणसांत विनोद सांगायला लावला तर मी शेवट आधी सांगतो.

म्हणून म्हटलं, ज्याच्यावर जगली त्यानंच हसवू. दुकानात जुन्या कॅसेटींची पोती पडलीयेत, लोक मशीन दुरुस्तीला टाकतात आणि नेतच नाहीत. मी एक चालू केलं, घरी नेलं, आणि तुमच्या काळच्या त्या सगळ्या विनोदी मालिका — एकेक आठवडा त्यातली एकेक हसवणारी बाई. पहिल्या आठवड्यात पडबाई. ते आमच्या घरातलं नाव, मावशीनं ठेवलेलं. माझी मावशीपण मागच्याच बाकावर बसायची, तिसरी. तिचं म्हणणं, जगात पडबाईसारखी बाई झाली नाही. मी नीट बघितलं या खेपेला, आणि खरंच सांगतो, मॅडम, मावशीचं खोटं नाही. तो पडदे लावायचा भाग आठवतो? शिडी, पडदे, आणि दारात पाहुणे येऊन उभे. चार वेळा पडते. चारही वेळा वेगळी. एकदा शिडी सरकते म्हणून, एकदा शिडी सरकू नये म्हणून शिडीलाच मिठी मारते म्हणून, एकदा पडदा धरते आणि पडदा तिला धरत नाही. मी तर पेचकस टाकून बघत बसलो. आणि पाचव्या वेळी सगळे श्वास धरून बसलेत, ती नीट उतरते, एकेक पायरी, जमिनीवर पाय टेकते, पाहुण्यांकडे बघून 'या ना' म्हणते आणि सपाट जमिनीवर आडवी! आई पूर्वी म्हणायची, हिची कला पडण्यात नाही, पडायच्या आधी जमिनीकडे न बघण्यात आहे. माणूस असतो ना, तो पडण्याआधी जागा बघून ठेवतो. ही बघत नाही. हिला दर वेळी नवीनच वाटतं.

आई हसली नाही. बघत होती, नीट बघत होती.

दुसऱ्या आठवड्यात सासूबाई. ती आईची लाडकी. त्या बाईनं शंभरावर भागांत एकदाही दात दाखवले नाहीत. जावई काचेची मोठी फुलदाणी घेऊन येतो, दारात ठेचकाळतो, तुकडे तुकडे. सासूबाई तुकड्यांकडे बघते. जावयाकडे बघते. परत तुकड्यांकडे. आणि म्हणते, 'बसा.' — बस्स. एवढंच. आता हे तुम्हाला सांगताना काहीच वाटत नाही, पण ती म्हणते तेव्हा जावई कुठे बसेल, काचेवर की पलंगावर, याची धडकी आपल्याला भरते. आई म्हणायची, ती मनात चारपर्यंत मोजते. तीनला बोलली तर राग वाटेल, पाचला बोलली तर बहिरी वाटेल. चारच. मावशीला हे पटायचं नाही. दोघी बहिणी भाजी निवडायला बसल्या की हेच. मावशी म्हणायची, "पडायला हाडं लागतात. गप्प बसायला काय, म्हैससुद्धा बसते." आई म्हणायची, "म्हैस गप्प बसली तर हसशील का तू?" मावशी म्हणायची, "दिवा लागला तर हसेन!" आणि मग दोघी — भाजी सगळी जमिनीवर.

तर सासूबाईच्या आठवड्यातपण नाही. आणि एक झालं, मॅडम, जे मी आधी धरलं नव्हतं. त्या कॅसेटीत — आईच आहे ना. दर विनोदाला. फस् फस्, फस् फस्, आणि धो धो. टीव्हीतून आई हसतेय, तिशीतली, अगदी गडगडून, आणि टीव्हीसमोर आई खुर्चीत बसलीय, हात मांडीवर, तोंड अर्धं खाली. मी दोघींच्या मध्ये जमिनीवर बसलेला. मला कळेना बघू कुणाकडे. आवाज बंद करून बघितला, तर विनोदच निघून गेला, पडबाई नुसतीच पडायला लागली, लागलं असेल हो तिला असं वाटायला लागलं. परत आवाज लावला. म्हणजे इकडे आड तिकडे विहीर.

— तिसरा आठवडा? हो. म्हणजे तिसऱ्या आठवड्यात तुम्ही. मी ते — बघा, हा बोर्ड जरा धुळीनं भरलाय, पुसून घेतो — मॅडम, तुम्ही विचारताय म्हणून. आईच्या यादीत हसायच्या हिशोबानं तुम्ही तिसऱ्या. वाईट वाटून घेऊ नका. मावशी तर चौथ्या म्हणते, तिनं ती फोनवर बोलणारी ऑफिसातली बाई मध्ये घातलीय, पण मावशीचं सोडा. तिसरंसुद्धा खूप वरचं आहे! तुम्हाला मिळायचं तरी काय, एका भागात एक मिनिट. दार उघडणार, 'जरा इस्त्री देता?' म्हणणार, घेऊन जाणार. पुढच्या भागात 'जरा शिडी देता?' नेलेलं परत काही करायचंच नाही. दाराची मूठ सोडायच्या नाहीत तुम्ही कधी, हे मी या खेपेला बघितलं. एक हात कायम मुठीवर, म्हणजे कोणी 'या, बसा' म्हणेल की काय याची भीती, आणि कोणी म्हणणारच नाही याची त्याहून जास्त. बरोबर ना? मला वाटलं तसं. मी पण गिऱ्हाइकाच्या घरी असाच उभा राहतो.

पण तुमच्यावर आई मनातून कधी हसली नाही. दिवा लागला म्हणून हसली. हे मी सांगायला नको होतं. हे कागदावर खोडलं होतं.

थांबा, पुढचं ऐका, मग हाकला. एक भाग होता, सगळं परत करायचा. तुम्ही दार उघडता आणि एकेक वस्तू आणून ठेवता. इस्त्री, शिडी, छत्री, बादली, बल्बसुद्धा, ढीग लागतो. आणि शेवटी हातात एक चमचा. तो देता आणि म्हणता, 'आता मागायला काही उरलं नाही.' विनोद होता तो. लिहिणाऱ्यानं विनोद म्हणूनच लिहिला होता, दिवेवाल्यानं दिवा लावला. आणि आई हसली नाही! विसरली. अकरा वर्षांत एकदाच. दिवा लागलाय, ढळढळीत लाल, आणि उचलणारीच गप्प, मग लांबवणाऱ्या काय लांबवणार — बारा बायका चिडीचूप. कट. दिग्दर्शक साहेब खाली आले आणि आईला म्हणाले, काय गं, झोपलीस का? आणि तुम्ही मध्ये पडून म्हणालात, चूक माझी आहे, माझं वाक्य पडलं. — आठवतं ना? आठवत असणार, तोंडावरून दिसतंय. मग परत घेतलं. दुसऱ्या वेळी तुम्ही भराभर बोललात, भुवई उडवलीत, आई वेळेवर हसली, आणि तेच टीव्हीवर आलं. पहिलं कुठेच नाही. मी सगळ्या कॅसेटी उलट्यापालट्या करून बघितल्या, नाही. ते त्या बाकांवर होतं तेवढंच, आणि बाकांवरच्या आता तिघीच राहिल्यात.

आई घरी येऊन मावशीला म्हणाली होती, मला वाटलं, ही चमचा देऊन घरी जाईल आणि घरात कोणी नसेल. म्हणून दिवा दिसलाच नाही. मावशी म्हणाली, मलाही दिसला नाही, पण मी तुझी वाट बघत होते. आईला उठून तुम्हाला सांगायचं होतं हो, तुमचं वाक्य पडलं नव्हतं म्हणून. पण बाकावरून उठायचं नाही असा नियम. राहून गेलं. आता मी सांगतोय तर — मॅडम, पाणी आणू का? — बरं. नाही, बसतो गप्प. बोर्ड पुसतो.

— का हसत नाही म्हणजे? झटक्यानंतर नाही हसत. — आधी? आधी कामावर हसायची. मग ते काम गेलं. माहीत असेल तुम्हाला, शेवटच्या वर्षी त्यांनी सगळ्यांना एकेकटं बसवून हसू भरून घेतलं. मोठं, मध्यम, बारीक, दबकं. दोन दिवस. आईला वाटलं मोठा मान आहे. तिसऱ्या दिवशी सांगितलं, उद्यापासून येऊ नका. आता कुठलीही मालिका लावली की त्यात आई असते. तुमच्याच नाही, जी तिनं बघितलीसुद्धा नाही त्यात. परवा एका मालिकेत एक म्हातारा दवाखान्यात पडलेला आणि मागे आई हसतेय.

— घरी? घरी म्हणजे… घरी हसायची की. आधी हसायची. मग बंद झालं. असंच, वय झालं की माणूस — नाही, तुम्ही बघताय माझ्याकडे. तुम्ही सासूबाईसारखं बघताय, चारपर्यंत मोजताय. सांगतो. मी सातवीत होतो. शाळेत मुलांचं नाटक होतं, मी त्यात झाड होतो. उभं राहायचं, बोलायचं काही नाही, म्हणून घेतलं होतं मला. एका पोराची मिशी गळून पडली आणि मागून — फस् फस्, फस् फस् — आणि अख्ख्या हॉलनं माना वळवल्या. अरे, टीव्हीतली! टीव्हीत हसते ती बाई! नाटक राहिलं बाजूला, पोरं आईकडे बघून हसायला लागली, मास्तर हसायला लागले, आणि आईला वाटलं सगळे मिशीला हसतायत, म्हणून ती आणखी हसायला लागली. दुसऱ्या दिवसापासून मी वर्गात शिरलो की पन्नास पोरं — फस् फस्. फळ्याकडे गेलो, फस् फस्. नाव विचारलं, फस् फस्. मी तोंड उघडलं की फस् फस्, म्हणून उघडायचंच बंद केलं. गणितामुळे शाळा सोडली असं मी सगळ्यांना सांगतो. गणितात मी बरा होतो.

आईला म्हटलं, तू हसू नकोस. असं उभा राहून म्हटलं, दप्तर पाठीवर होतं अजून. म्हटलं, तू हसलीस की मला तुझी लाज वाटते. ती दोरीवरचे कपडे काढत होती. 'बरं' म्हणाली. मला वाटलं, बाहेर हसणार नाही, शाळेत येणार नाही, एवढंच. तिनं घरात पण बंद केलं. मावशी येऊन म्हशीचं बोलली तरी नुसती ओठ मिटून भाजी निवडायची. मावशीला वाटलं, नोकरी गेली म्हणून. मी सांगितलं नाही. आजपर्यंत नाही सांगितलं, तुम्हालाच — कसं काय बोलून बसलो. बारा वर्षं झाली. बारा वर्षं ती माझ्यासाठी गप्प आहे आणि आता मी रोज तिच्यासमोर कॅसेटी लावतोय, हस, हस म्हणून. गवत काय आठ महिन्यांचं आहे का, मॅडम?

काल संध्याकाळी मी पडलो. मुद्दाम. सगळं करून झालं होतं, म्हटलं, आपणच पडून बघू. मावशी आली होती, तिला सांगितलं नाही. स्टुलावर चढलो, बल्ब बदलायचं सोंग केलं, एका हातात बादली, आणि पडबाईसारखं जमिनीकडे न बघता — पण बघितलंच हो मी. माणूस आहे. बघितलं, आणि बघून पडलो, कोपर फुटलं, बादली टीव्हीवर. मावशी ओरडली, "मेल्या, कंबरडं मोडशील!" आणि आई — आईनं माझ्याकडे बघितलंच नाही. तिनं मान वर केली आणि भिंतीकडे बघायला लागली, टीव्हीच्या वर, उजव्या कोपऱ्यात. तिथे काही नाही, कॅलेंडरचा खिळा आहे. बघतेय, बघतेय. तोंड असं थोडं उघडलेलं, श्वास आत घेतलेला, हसण्याआधी घेतात तसा. आणि वाट बघतेय. मी जमिनीवर तसाच पडून राहिलो, म्हटलं उठलो तर जाईल. मग तिनं तो श्वास हळूच सोडून दिला. मावशी मला म्हणाली, "गाढवा, ती दिवा शोधतेय."

आणि मग मावशीनं सांगितलं की स्टुडिओ मोडला तेव्हा ज्यानं त्यानं काहीबाही नेलं, पडबाईनं शिडी नेली, सासूबाईनं खुर्ची, आणि लाल दिवा शेजारणीनं नेला. सगळ्यांना नवल वाटलं होतं, हिला कशाला दिवा. औषधाच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर राहते म्हणाली.

तो तोच आहे ना? तिकडे, कपाटावर, गोळ्यांच्या डब्यांमागे? आल्यापासून बघतोय मी. वर जाळी आहे. वायर मी नवीन घालेन. दोन दिवसांसाठी द्या, एका दिवसासाठी द्या. मी भिंतीवर ठोकतो, टीव्हीच्या वर उजवीकडे, पडबाई पाचव्यांदा पडली की बटण दाबतो. तिनं काम म्हणून हसू दे. खोटं हसू दे. व्यायामवाल्या बाई म्हणतील हा रस्ता तो नव्हे, पण मॅडम, मला आता रस्ता कळत नाही. कुठलाही चालेल. तिला 'हस' असं सांगायचा हक्क मला राहिलेला नाही, दिव्याला असेल.

— नाही? — नाही देणार. बरं. तुमची वस्तू आहे, हक्कच आहे तुमचा. मी झाकण लावतो. — काय? चपला कुठे तुमच्या? त्या काय, दाराशी. कशाला? — तुम्ही? आमच्याकडे? नको हो. लांब आहे, जिने आहेत. आणि नाही हसली तर तुम्हाला — तुम्हाला वाईट वाटेल. चौथ्या म्हटलं ते मावशीनं, ते मनावर घेऊ नका. — दिवा नको? दिव्याशिवाय काय करणार? — हे काय, स्वयंपाकघरातून चमचा कशाला आणलात? बाई, ते वाक्य नको. त्या वाक्याला ती हसली नव्हती, तेच तर एवढा वेळ सांगतोय! ती गप्प झाली होती. गप्प ती आहेच हो. तिला गप्प करायला माणूस लागत नाही, मी आहे ना घरात. — 'पहिलं वाक्य कसं म्हटलं होतं ते तिलाच माहीत आहे'? म्हणजे… म्हणजे तुम्ही तिला विचारणार? ती नाही बोलत, बाई. — बरं. बरं, तुम्ही म्हणाल तसं.

थांबा, दार उघडू नका. एक राहिलं. तुम्ही येताय म्हटल्यावर हे पोटात ठेवून जिना उतरता येणार नाही मला. तुमच्या टीव्हीला काही झालेलं नाही. हे झाकण मी उगाच काढलंय, बोर्ड पण उगाच पुसला. काल मावशीनं पत्ता सांगितला, रात्रभर कागद लिहिला, खोडला, आणि सकाळी, दुकान उघडायच्या आधी, मी तुमच्या गच्चीवर चढलो आणि तुमच्या टीव्हीच्या डिशची, त्या छत्रीची, वायर काढली. मग दुकानात जाऊन फोनजवळ बसलो. मालक म्हणाले, आज लवकर? मी पावत्या लावायला घेतल्या. दहाला तुमचा फोन आला, मालक दुसऱ्याला पाठवत होते, मी म्हटलं, मी जातो. पहिल्यांदाच असं मोठ्यानं बोललो दुकानात.

बाई?

तुमचे खांदे हलतायत. हसताय का, की रडताय? — पाठीवरून कळत नाही मला. समोरूनही कधी कळलं नाही, म्हणून तर — दिवा तर लागलेला नाही, बाई. — हो. हो, गप्प बसतो. आधी गच्चीवर. वायर जोडून येतो. — नाही, आता काही बोलत नाही.